कुंपणापलीकडच्या म्हाताऱ्याला आवाज हवा आहे

इंदिरानगर, नाशिक
मार्गशीर्षातला कुठलासा मंगळवार

देवळ्याच्या शाळेतल्या खिडकीशेजारच्या बाकाचे तहहयात मालक, उन्हाळ कांद्याचे जाणकार आणि मला ‘अरे’ म्हणणारे जगात उरलेले एकमेव गृहस्थ रा. रा. सावळीराम यांस, इंदिरानगरहून बाळाजीचा वाकून (कंबर वाकते तितकाच) नमस्कार.

माझी प्रकृती डॉक्टरांच्या मते उत्तम आणि माझ्या मते वयाला शोभेशी आहे. गुडघे थंडीत कुरकुरतात, पण त्यांच्याशी बोलायला निदान मी आहे. तुझी प्रकृती कशी? भाकरी पचते का? रोपं लावून झाली का, की यंदाही मजूर मिळेनात म्हणून हर्षालीनेच पदर खोचला? ती सून नव्हे, तुझ्या घरचा खांब आहे, असं तिला माझ्यातर्फे सांग. (तिच्या समोर सांगू नकोस, सासरे एकदम गोड बोलायला लागले की सुनांना धास्ती वाटते.)

फोन असताना हा गडी पत्र कशाला लिहितो, असं तुला वाटेल. सावळ्या, फोनवर आपलं काय होतं ते तुला ठाऊक आहे. दिवाळीपासून तुझे कान पार गेले, आणि ते मशीन तू डबीत ठेवून दिलंस, कारण ते घातलं की डोक्यात मळणीयंत्र चालू होतं म्हणे. मी फोन करतो, हर्षाली ओरडते, “बाबा, नाशिकचे बाळाजीकाका!”, तू फोन कानाला लावतोस, मी तोंड उघडायच्या आत “बरं शे, बरं शे” म्हणतोस आणि फोन परत देतोस. मागच्या खेपेला मी सांगितलं की माझ्या पाठीत उसण भरली आहे. तू म्हणालास, बरं शे. मग हर्षाली हळूच म्हणाली, “बाबा आता घरात पण बोलत नाय फारसे. ओट्यावर बसून ऱ्हातात नुसते.” ते वाक्य घासात खडा यावा तसं दाताखाली आलं. ज्याने एका बांधावरून हाक मारली की तीन बांध पलीकडचे बैल थांबत, तो ओट्यावर गप्प बसतो? तुला वाचता अजून येतं, म्हणून हे पत्र. चष्मा पूस आणि वाच, मोठं आहे.

तर झालं असं. गौरांग, तेजश्री आणि तनय जर्मनीला गेले त्याला आता बराच काळ झाला. जाताना सगळ्यांनी मला काही ना काही सांगून ठेवलं. मुलाने गॅसबद्दल, सुनेने गोळ्यांबद्दल, आणि नातवाने त्याच्या कॉम्प्युटरबद्दल. “आजोबा, याला अधूनमधून चालू करत जा, नाहीतर मरेल हा.” गॅस आणि गोळ्या मी विसरतो, पण ‘मरेल’ म्हटल्यावर कसं विसरणार? म्हणून तुळशीला पाणी घालावं तसा मी रोज दुपारी त्याच्या खोलीत जाऊन ते यंत्र चालू करू लागलो. तो पडदा उजळला की जरा वेळ त्याच्याकडे बघायचं आणि बंद करायचं, अशी माझी सेवा चालली होती. एके दिवशी माझा हात उंदरावर पडला (उंदीर म्हणजे कॉम्प्युटरचा, घरात एकही नाही, त्यांनाही इथे करमत नसावं) आणि समोर एक शेत उघडलं.

शेत रे! विहीर, गोठा, मागे डोंगर, आणि हवा अशी की नुकता पावसाळा सरून थंडी धरते आहे. तो शेतीचा गेम आहे, सावळ्या. आपण एक शेतकरी व्हायचं, पेरायचं, कापायचं, गावातल्या माणसांशी बोलायचं. आणि आपल्या शेताच्या कुंपणापलीकडे एक म्हातारा शेतकरी उभा असतो. दोन्ही कोपरं कुंपणावर टेकवून, एक पाय दुसऱ्यावर घेऊन, मान जराशी कलती. मी बघतच राहिलो. तू बांधावर असाच उभा राहायचास. शाळा सुटल्यावर मी कविता म्हणत तुमच्या मळ्याकडे यायचो आणि तू तसा उभा असायचास, तोंडात गवताची काडी, आणि मी जवळ आलो की म्हणायचास की पुरे कर रे तुझं ते लगागा लगागा, ढोरं दूध द्यायची थांबतील. गुरुजी आपल्याला चालीवर कविता म्हणायला लावत, मी डोळे मिटून म्हणायचो आणि तू बाकावर ठेका धरायचास. तुला एक ओळ पाठ नसायची, पण ठेका कधी चुकला नाही. मला आख्खी कविता पाठ असायची आणि मी ठेक्यावर कधी आलो नाही. एक माणूस पुरा व्हायला आपण दोघे लागायचो.

तुझ्या आठवणीने परवा भुजंगप्रयातात दोन ओळी सुचल्या:

मला ना कुणी हाक मारी दुपारी
शिजे भात तोही जणू रे भिकारी

दुसरी ओळ वृत्तात आहे, अर्थात नाही, हे मला कळतं. पण वृत्त सांभाळायचं म्हटलं की अर्थाला थोडी कळ सोसावी लागते.

असो. तो म्हातारा तिथे उभा असतो आणि इंग्रजीत तीनच गोष्टी बोलतो. आज हवा छान आहे, माझे भोपळे यंदा मोठे झाले, आणि बरंय, येतो. पुन्हा जवळ गेलं की पुन्हा तेच. तरी मी रोज जात असे. कुणीतरी ‘येतो’ म्हणतं हे काय थोडं आहे? इथे आमच्या बिल्डिंगमध्ये लोक नुसतेच जातात.

दुःख एकच होतं. त्या शेतात भोपळे, गहू, मका, कसली कसली बोरं, सगळं होतं, पण कांदा नव्हता. देवळ्यात वाढलेल्या माणसाने कांद्यावाचून शेती करायची म्हणजे मीठ न घालता पापड लाटायचे. मी इंटरनेटवर शोधलं, तर पोलंड देशातल्या कोणा सद्गृहस्थाने त्या गेमसाठी कांदा तयार करून ठेवलेला! अशा उपऱ्या जोडकामाला मॉड म्हणतात. गेम म्हणजे कंपनीने शिजवून दिलेलं वरण, आणि मॉड म्हणजे आपण वरून घातलेली फोडणी. फुकट देतात रे लोक. मी त्या गृहस्थांना ‘रिस्पेक्टेड सर’ अशी सुरुवात करून सविस्तर आभाराचं पत्र लिहिलं, त्यात आपल्या तालुक्याचा कांदा, चाळीत तो कसा राखतात, हे सगळं कळवलं. त्यांनी उत्तरादाखल एक अंगठा पाठवला. (आपल्या लहानपणी अंगठा दिला की माणूस निरक्षर समजत. आता सगळे शिकलेले अंगठाच देतात.)

पण कांदा असा सुटा घालता येत नाही. त्यासाठी मॉड मॅनेजर नावाचा एक कारभारी आधी कॉम्प्युटरमध्ये बसवावा लागतो. हा कारभारी म्हणजे लग्नघरातला तो वडीलधारा माणूस, ज्याच्या कमरेला किल्ल्या असतात. आलेल्या प्रत्येक मॉडला तो आधी जानवशात उतरवतो. थेट मांडवात कुणाला सोडत नाही. मग आपण ‘डिप्लॉय’ नावाचं बटण दाबलं, म्हणजे अक्षता पडल्या, की सगळे एकदम आत. पद्धत मला फार आवडली. कांद्याला जानवशात उतरवलं तर कारभारी म्हणाला, याच्याबरोबर बियाण्यांचा मॉड हवा. तो आणला, तर बियाणं म्हणालं, मला अमुक एक ग्रंथालय हवं. (ग्रंथालयात एक पुस्तक नव्हतं, मी आत बघितलं.) थोडक्यात, मी एका पाहुण्याला बोलावलं आणि त्याचे मामा, मावशी आणि मावशीच्या नणंदा असे सगळे येऊन बसले. मीही मग हात आखडता घेतला नाही. गावरान दिसणाऱ्या गाईंचा एक मॉड, मातीच्या घरांचा एक, म्हाताऱ्याला टोपी घालणारा एक, आणि तेजश्रीला आवडतात म्हणून युरोपी फुलांचा एक. घरात इतकी वर्दळ कितीतरी दिवसांत झाली नव्हती.

आता इथे माझी चूक झाली, आणि ती फक्त आपल्याकडच्याच माणसाची होऊ शकते. हे सगळे मॉड एका रांगेत लावायचे असतात, आणि दोघांना एकच वस्तू बदलायची असली की कारभारी लाल विजेचं चिन्ह दाखवून विचारतो, यांचं भांडण लागलंय, कोण आधी, कोण नंतर, तुम्ही सांगा. मी विचार केला, यात सांगायचं काय? पत्रिकेत जशी कुलदैवतांची नावं सर्वांत वर, मग आजोबा, मग काका, तसंच की. कांद्याला मी सर्वांत वर मानाच्या पाटावर बसवला. त्याखाली गाई. त्याखाली घरं, म्हाताऱ्याची टोपी. आणि ती युरोपी फुलं सगळ्यांत शेवटी, पंगतीच्या टोकाला, जिथे जिलेबी पोचेपर्यंत संपते. मानपान असा चोख झाला की सोयरीक मोडायला कुणाला जागा नव्हती. हात जोडून डिप्लॉय दाबलं.

सावळ्या, शेतात कांद्याच्या वाफ्यात ट्यूलिप उगवले होते. गाई सगळ्या राणी रंगाच्या. (ज्या जनावराचं कातडं यंत्राला सापडत नाही त्याला ते राणी रंग देतं, असं मागून वाचलं. सणाला गौरींना नेसवतात त्या पैठणीचा रंग, पण गाईला शोभत नाही.) आणि कुंपणापलीकडे म्हातारा नव्हताच. नुसती टोपी हवेत तरंगत होती. मी भीत भीत जवळ गेलो, तर टोपी म्हणाली, आज हवा छान आहे.

झालं होतं असं की तिथला न्याय उलटा आहे. जो शेवटी येतो तोच वरचढ. गोधड्या घालाव्यात तसं, जी सगळ्यांत शेवटी अंथरली तिचंच नक्षीकाम दिसणार, खालची कितीही आजीच्या हातची असो. आपण आयुष्यभर मानलं की वडील वर बसले म्हणजे त्यांचा शब्द राहतो. इथे वर बसवलेल्यांवर पांघरूण पडतं आणि त्यांना कुणी विचारत नाही. हे वाचून मी बराच वेळ खुर्चीत बसून राहिलो. कॉम्प्युटरबद्दल विचार करत होतो, असं समज.

मग सगळ्यांची समजूत घालून पुन्हा बसवायला घेतलं. कांद्याला सांगितलं, तू फुलांच्या नंतर. फुलांना म्हटलं, तुम्ही घरांच्या नंतर. आणि घरं अगदीच पुढे पडली, त्यांना वाईट वाटेल, म्हणून त्यांना म्हटलं, बरं, तुम्ही कांद्याच्या नंतर बसा. कारभाऱ्याने कपाळाला हात लावला. मांडवात ‘आधी तुम्ही बसा’, ‘छे छे, तुमच्या आधी कसा’ करत सगळे उभे आणि पानं वाळताहेत, तशी गत. त्याने स्वच्छ कळवलं की हे चक्र झालंय, यातल्या कुणाला तरी दुखवल्याशिवाय अक्षता पडणार नाहीत. मी फुलांना दुखवलं, पंगतीतून उठवलंच. तेजश्रीला सांगू नकोस.

आणि दुसऱ्या दिवशी कांदा उगवला, सावळ्या! सरळ, हिरवी पात, वाफ्यात रांगेने. आणि टोपीखाली म्हाताराही परत आला. मी उठून गॅलरीत गेलो, कुणाला तरी सांगावं म्हणून. समोरच्या लतिकाबाई कपडे वाळत घालत होत्या. बँकेतून निवृत्त झालेल्या आहेत, स्वभावाने चांगल्या, पण बोलताना अजूनही चेकवरची सही तपासल्यासारख्या बघतात. मी म्हटलं, कांदा आला. त्या म्हणाल्या, “मग मलाही किलोभर सांगा ना काका, कसा दिलाय?” मी आत आलो.

तेव्हा वाटलं, हा कांदा ज्याला दाखवायला हवा तो तिथे कुंपणाशी उभाच आहे की. फक्त त्याला तुझा आवाज नाही. शोधलं तर कळलं, आवाजही बदलता येतात. आपण बोलून फाइल करायची, कारभाऱ्याकडे द्यायची, आणि ती रांगेत सगळ्यांच्या शेवटी बसवायची. आता रीत मला कळली होती. पण तुझा आवाज आणू कुठून? म्हटलं, आपणच काढू. दार लावलं, घसा साफ केला आणि तुझ्या आवाजात, आपल्या अहिराणीत सुरू केलं. “काय करी ऱ्हायना रे बाळ्या? जेवना का? तुनं डोकं ठिकाने शे का?” बरा जमला, असं वाटून मी रंगात आलो. तू मला चिंचेवरून, गणितावरून, सायकलवरून पडल्यावरून जे जे बोलला आहेस ते सगळं मी मला बोललो. मधून मधून माझ्या आवाजात उत्तरंही दिली, त्याशिवाय पुढचं सुचेना.

थोड्या वेळाने बेल वाजली. दारात लतिकाबाई, हातात पोह्यांच्या दोन बशा. “पाहुणे आलेत ना? चांगले मोकळेढाकळे दिसतात, बरं वाटलं ऐकून. तुमच्याकडे कुणी येत नाही.” आणि आत डोकावायला लागल्या. मी म्हटलं, ते जरा आडवे झालेत. दोन्ही बशा घेतल्या. दोन्ही मीच खाल्ल्या, आणि रिकाम्या परत केल्या तेव्हा त्या म्हणाल्या, “पाहुण्यांना आवडले?” मी म्हटलं, फार. पण बाई बँकेतल्या, रे. जिन्यावरून कुणी उतरलं नाही हे त्यांनी बघून ठेवलं होतं. संध्याकाळी जर्मनीहून गौरांगचा फोन. “बाबा, तुम्ही घरात एकटेच कुणाला तरी अहिराणीत शिव्या देता म्हणे?” मी म्हटलं, देत नाही, खातो. त्याने फोन लगेच पुढे दिला. मग तेजश्री आली फोनवर, तिने गोळ्या घेता का विचारलं. मग तनय आला, त्याला सगळं सांगितलं तर तो म्हणाला, “आजोबा, तुम्ही लोड ऑर्डर लावली? एकट्याने? भारी!” (लोड ऑर्डर म्हणजे तो पंगतीचा क्रम.) हे एक वाक्य मी जपून ठेवलंय, पण पुढे त्याचा क्लास होता.

तो आवाज मी बसवला. कुंपणाशी गेलो. म्हाताऱ्याने मान वर केली आणि म्हणाला, “काय करी ऱ्हायना रे बाळ्या?” आणि सावळ्या, तो तुझा आवाज नव्हता. तो मी होतो, तुझी नक्कल करणारा. सभेत आपलाच फोटो लावून आपणच हार घालावा, तसं काहीतरी झालं. मी ती फाइल काढून टाकली. पण काढताना काहीतरी उणं पडलं, आणि आता त्या म्हाताऱ्याचा मूळचा आवाजही गेला. तो बोलतो, ओठ हलतात, हात हलतो, चेहऱ्यावर सगळं येतं, पण ऐकू काही येत नाही. पहिल्या दिवशी मी पुढे वाकून वाकून बघितलं. दुसऱ्या दिवशी थोडं हसून मान हलवली. तिसऱ्या दिवशी, माझ्याच नकळत, मी “बरं शे, बरं शे” म्हटलं आणि पुढे निघालो.

तेव्हा मला कळलं, तू फोन का परत देतोस.

आता फार लांबण लावत नाही. हर्षालीला आणि लेकरांना आशीर्वाद. थंडीत ओट्यावर उघड्याने बसू नकोस, कानटोपी घाल (ऐकण्यासाठी नव्हे, थंडीसाठी).

तुझाच,
बाळ्या
(बाकी सगळीकडे मी बाळाजीकाका, आजोबा, किंवा ‘सी विंगचे ते एकटे राहतात ना, ते’)

ता. क. हे पत्र हर्षालीने वाचलं तरी हरकत नाही, पण ट्यूलिपचं तेजश्रीपर्यंत पोचू देऊ नये. दोघी फोनवर बोलतात.

ता. क. २. खरं काम लिहायचं राहिलंच. हर्षालीच्या फोनमध्ये आवाज भरता येतो. तिला म्हणावं, फोन माझ्या तोंडासमोर धर, आणि तू बोल. यात तुला काहीही ऐकायचं नाही, कुणाला उत्तर द्यायचं नाही, हो ला हो करायचं नाही. नुसतं बोलायचं. तुझ्या आत्ताच्या अवस्थेला इतकं सोयीचं काम दुसरं नाही. काय बोलायचं ते लिहून देत नाही, तू वाचून दाखवशील, आणि तुझं वाचन गुरुजींनाही सोसलं नव्हतं. मनाचं बोल. रोपांवर बोल, कांद्याच्या भावावर बोल, माझ्या अकलेवर बोल. भरपूर बोल, कारण त्या म्हाताऱ्याला बोलायच्या जागा पुष्कळ आहेत: पेरताना, पाऊस आल्यावर, कुणी काही भेट दिल्यावर. आणि एक जागा अशी आहे की आपण त्याच्याशी न बोलता तसेच पुढे गेलो तर तो मागून काहीतरी म्हणतो. तिथे तू काय म्हणशील याचा मला फार विचार पडलाय. ते जरा मोठ्याने म्हण.

ता. क. ३. पाकीट चिकटवलं होतं, ते पुन्हा फाडून लिहितो आहे. पोस्टात जायच्या आधी कॉम्प्युटर चालू करून यावं म्हणून बसलो, तर गेमने आपण होऊन नवा अवतार घेतलेला. कंपनी अधूनमधून असं करते म्हणे. त्यामुळे सगळे मॉड एकदम बंद. कारभाऱ्याने प्रत्येकापुढे तांबडी फुली मारली आहे. कांदा गेला, मातीची घरं गेली, आणि म्हाताऱ्याला त्याचा आवाज परत आला. तो आता इंग्रजीत भोपळ्यांबद्दल बोलतो आहे. पोलंडचे ते गृहस्थ नवा कांदा करतील तेव्हा करतील. म्हणजे सध्या तुझा आवाज आला तरी तो घालायला जागा नाही.

तरी तू बोलून पाठव. गेमचं निमित्त होतं तेव्हा मागायला बरं वाटत होतं. आता निमित्त नाही. नुसतंच मागतो आहे.